सुलटे मोजे

प्रिय माऊ,

तुझं तिसरं पत्र मिळालं. पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून ती वाचलीच नाहीत असं समजू नकोस. वाचली. मी फोन उचलत नाही म्हणून तू पत्रं लिहायला लागलीस, हेही मला कळतं. तुझी आई तर माझ्याआधी वाचते, पाकीट पुन्हा चिकटवून टेबलावर ठेवते आणि वर मलाच विचारते, काय म्हणतेय पोरगी? हल्ली आमच्यात बोलणं म्हणजे एवढंच. बाकी सगळं भांड्यांच्या आवाजावरून समजून घ्यायचं.

तू लिहितेस की तुझा नवरा संध्याकाळी गाडी दारात लावतो आणि आतच बसून राहतो. तू खिडकीतून बघतेस, गाडी बंद, आणि हा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला. मग आत येतो, काय झालं विचारलंस तर म्हणतो, काही नाही गं, सराव झकास झाला. जेवण अर्धं टाकतो. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘बाबा, एकदाच बोला त्याच्याशी. त्या माणसाला कसं हाताळायचं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.’ हे वाचून मला हसू आलं माऊ. चांगलं हसू नव्हे ते. तुला तोंडावर नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसलो. आज लिहायला बसलोय, त्याला कारण आहे. पण मी म्हातारा माणूस, आडवळणानंच येणार. तेवढं सोस.

‘त्या माणसाचं’, तुझ्या नवऱ्याला छळणाऱ्या त्या खेळाडूचं, नाव तू तुझ्या पत्रांत एकदाही घेत नाहीस. मीही घेत नाही. पहिल्या दिवसापासून मी त्याला नवाब म्हणत आलोय, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं, हीच तर गंमत. खेळाडू म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. डाव्या पायानं तो चेंडू असा थांबवायचा की चेंडूला स्वतःला कळत नसे आपण थांबलोय. असा पाय माझ्या उभ्या आयुष्यात मी दुसरा पाहिला नाही. पण नाकापेक्षा मोती जड. आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी तो मला न विचारता आणला, स्टेडियमबाहेर त्याचा दुमजली फोटो लावला आणि मला बोलावून सांगितलं, हा आता तुमच्या हवाली. त्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात मी होतो. हात मागे बांधून, एवढासा.

माझी पद्धत तुला पाठ आहे. जेवणाच्या टेबलावर ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील. मोठ्या खेळाडूशी मोठ्या गोष्टीवरून भांडू नये. पेनल्टी कोण मारणार, कुठे खेळणार, यावरून भांडलात की तो जिंकतो, कारण तिथे तो तुमच्यापेक्षा मोठा असतोच. त्याला एखाद्या बारक्या नियमात बांधावं. जो रोज बारका नियम पाळतो, तो वेळ आल्यावर मोठाही पाळतो. आणि माझा बारका नियम होता मोज्यांचा. सराव संपला की पोरं चिखलानं भरलेले मोजे पायांतून ओरबाडून काढतात. ते उलटे होतात, त्यांचा बोळा होतो आणि चिखल आतल्या आत राहतो. मग धुणं करणाऱ्या मावशींनी एकेका बोळ्यात हात घालत बसायचं. थंडीत त्यांची बोटं फुटलेली मी पाहिली होती. म्हणून मी आलो त्याच आठवड्यात सांगितलं, ज्यानं त्यानं आपले मोजे सुलटे करायचे आणि मगच टोपलीत टाकायचे. ज्याचे उलटे सापडतील, त्यानं अख्खी टोपली सुलटी करायची. मावशींनी प्रत्येक मोज्याच्या काठाला शाईनं नंबर घातलेला, त्यामुळे ‘ते माझे नव्हेतच’ म्हणायची सोय नव्हती. पोरं आंघोळीला गेली की मी चहाचा कप घेऊन टोपलीपाशी यायचो आणि एक नजर टाकायचो. एवढीच माझी हुकूमशाही.

नवाबानं पहिल्याच दिवशी मोज्यांचा बोळा केला, पायाच्या चवड्यावर उडवला आणि खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला बरोब्बर टोपलीत घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, छान, आता सगळी टोपली सुलटी कर. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, ‘काका, माझं काम मैदानात.’ आणि शीळ घालत गेला. काका! मी तिथे मॅनेजर होतो, त्याच्या आईचा दीर नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेलो की आज पुन्हा बोळा दिसला की याला शनिवारच्या सामन्यातून बाहेर ठेवायचं. मग अध्यक्ष रागावोत की मला घरी पाठवोत. पत्रकारांना कटवून आत आलो, टोपलीत बघितलं, तर सगळ्यात वर नवाबाचे, दहा नंबरचे मोजे. सुलटे. नुसते सुलटे नाहीत, टाचेला टाच लावून घडी घातलेले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी किती बढाया मारल्या ते तुला आठवत असेल. तुम्ही दोघं जेवायला आला होतात. मी उभं राहून नवाबाची नक्कल केली, तू हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होतीस, आणि तुझा नवरा पाणी पीत होता. आता आठवतं, त्यानं तो ग्लास संपवला, पुन्हा भरला आणि पुन्हा तोंडाला लावला. मला वाटलं, जेवण तिखट झालंय. पुढे वर्षभर मी ही गोष्ट सांगत हिंडलो. नव्या प्रशिक्षकांच्या शिबिरात तासभर बोललो, ‘मोठा खेळाडू आणि छोटा नियम’. पोरं मान हलवत होती. तुझा नवरा माझा सहायक, तोच माझ्यासाठी फळ्यावर आकृत्या काढत होता. त्याच्या हातातला खडू एकदा मोडला, तेव्हाही मला काही वाटलं नाही. डोळे असून आंधळा म्हणतात तो हाच, तुझा बाप.

करंडकाच्या उपांत्य सामन्यात काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. पण लोकांना दिसलं ते अर्धंच. नवाब त्या दिवशी धावतच नव्हता. चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि बाकीच्यांवर खेकसायचा. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि त्याच्या बाजूनं आमची भिंत ढासळत होती. मी त्याला बाहेर काढायचं ठरवलं. तुझा नवरा माझ्या कानाशी लागला, बाबा, नको, आज नको. मी म्हटलं, अरे, वर्षभर मोजे सुलटे करतोय तो, येईल मुकाट्यानं. माऊ, त्या वेळचा तुझ्या नवऱ्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण तोवर मी खेळाडू बदलायची पाटी वर करायला सांगितली होती.

नवाब आला. अगदी सावकाश, फिरायला निघाल्यासारखा आला. रेषेशी माझ्या समोर बसला, बूट काढले, मोजे ओरबाडून काढले, उलट्या मोज्यांचा बोळा केला आणि माझ्या छातीवर फेकला. अख्खं स्टेडियम हसलं. ते हसणं अजून माझ्या कानांत आहे. सामना आम्ही हरलो, पण त्याचं मला काही नाही, सामने काय, हरतात. नंतर ड्रेसिंग रूममध्ये मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, वर्षभर जो नियम पाळलास, तोच आज मोडलास. तो तसाच अनवाणी बसला होता. म्हणाला, ‘काका, मी एकदाही नाही केले. तुमच्या जावयाला विचारा.’ मी पोरांकडे बघितलं. एकानंही वर बघितलं नाही. कुणी बुटाची नाडी सोडत होता, कुणी बांधत होता. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर मी चहाचा कप घेऊन टोपलीपाशी रुबाबात उभा राहायचो, आणि माझा जावई माझ्या आधी तिथे येऊन त्या नवाबाच्या मोज्यांत हात घालून गेलेला असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

पुढच्याच आठवड्यात मला नारळ मिळाला आणि माझ्या खुर्चीत तुझा नवरा बसला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं लोक म्हणाले. मी म्हणालो नाही. तुम्ही दोघं घरी आलात, तो बाहेरच्या खोलीत तासभर बसला आणि मी आतून कडी लावून घेतली. दाराशी येऊन तो म्हणाला, ‘बाबा, उलटे मोजे दिसले असते तर तुम्ही त्याला वगळलं असतंत आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी तुम्हाला काढलं असतं. मी तुमच्यासाठी केलं.’ खरं असेल. खरंच आहे, मला माहीत आहे. पण एखाद्यानं आपल्यासाठी केलं आणि आपण त्यामुळे वर्षभर विदूषक झालो, तर त्या माणसाचे आभार कसे मानायचे? मला येत नाही. त्यानं मला त्या दिवशीच मोडू द्यायला हवं होतं. ताठ तरी मोडलो असतो.

तेव्हापासूनचं माझं आयुष्य विचारशील, तर गुडघा दुखतो, नळ गळतो, आणि मी सामने आवाज बंद करून बघतो. तुझा नवरा बाकावरून उठून कधी मान खाजवणार, हे मला आधी कळतं. नवाब सरावाला केव्हाही उगवतो, फ्री किक कोण घेणार ते स्वतः ठरवतो आणि कुणी काही बोललं की अध्यक्षांना फोन लावतो, हे तू लिहायच्या आधीच मला दिसत होतं. आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला बरं वाटत होतं. ते लागोपाठ हरायला लागले, तेव्हा प्रत्येक वेळी मी स्वतःच्या हातानं दुसरा चहा करून घेतला. तुझ्या आईनं एकदा मला शीळ घालताना पकडलं. म्हणाली, ‘पोरीचा संसार आहे तो, तुमचा सामना नाही.’ त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलते. तिचं बरोबर आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला मी काय करू?

तुझ्या नवऱ्याला मी खेळाडू म्हणून ओळखतो, जावई तो नंतर झाला. तुमच्या लग्नात मी त्याला पहिल्यांदा ‘जावईबापू’ म्हटलं आणि अख्खा संघ खो खो हसला होता, आठवतं? तेव्हाही तो तसाच होता. कुणी सरावाचे शंकू पाडले की हा उभे करणार, कुणी भांडलं की मध्ये जाणार, वाकडं दिसलं की सरळ करणार, आणि कुणी केलं ते सांगणार नाही. तू त्याच्यावर भाळलीस ती याच गुणावर. मी त्याला सहायक घेतला तोही याच गुणावर. आता हाच गुण त्याला खातोय. तुला सल्ला हवा होता ना? हा घे. त्याला सांग, एक दिवस, एकच दिवस, त्या माणसाचे मोजे उलटे राहू दे. पुढे काय व्हायचं ते होऊ दे. पण तो ऐकणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

आता मुद्द्याचं. गुरुवारी अध्यक्षांनी मला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. तुझ्या आईनं कुठे म्हणून विचारलं, तर म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे. तिनं नुसतं शर्टाकडे बघितलं. वरच्या काचेच्या खोलीत अध्यक्ष म्हणाले, तुमचा जावई भला माणूस आहे, पण भलेपणावर गोल होत नाहीत. तुम्ही परत या. फक्त एक, नवाब राहणार, त्याच्याशी तुम्ही जमवून घ्यायचं. माऊ, मी घरून काय काय ठरवून गेलो होतो! तोंडावर नकार फेकायचा, नवाबानं माझ्या छातीवर बोळा फेकला तसाच. आणि मी काय केलं, तर समोरचा चहा गार व्हायच्या आत हो म्हणालो. नवाबासकट. मला ती खुर्ची हवी आहे. घरात मी नुसता गळका नळ दुरुस्त करणारा माणूस आहे, आणि तेही मला धड जमत नाही.

जिन्यावरून खाली उतरलो. धुण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तुझा नवरा, आताचा मॅनेजर, बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता आणि कोपरापर्यंत हात घालून दहा नंबरचा मोजा सुलटा करत होता. अजून! आता कुणापासून लपवायचं होतं त्याला? मावशी टॉवेलच्या घड्या घालत होत्या. तेवढ्यात मागच्या दारानं आपला तो आडदांड गोलकीपर आला. माझ्या वेळी अख्खी टोपली सर्वांत जास्त वेळा त्यालाच सुलटी करावी लागली होती. त्यानं आपला बोळा टोपलीत टाकला, जायला वळला, आणि त्याला हा बादलीवर बसलेला दिसला. तो थांबला. टोपलीत हात घालून त्यानं आपला बोळा परत काढला, निमूटपणे सुलटा केला, ठेवला आणि गेला. तुझ्या नवऱ्यानं वरसुद्धा बघितलं नाही. मी दाराआड उभा होतो. तेव्हा मला कळलं की ती पोरं माझ्या धाकानं कधीच मोजे सुलटे करत नव्हती. माझा चहाचा कप बघून तर मुळीच नाही. हा खाली बसलेला दिसायचा, त्याची त्यांना लाज वाटायची.

मी आत गेलो नाही. पुन्हा जिना चढून वर गेलो. तू म्हणशील, बाबा, परत वर गेलाच होतात, तर नकार देऊन का नाही आलात? दिला नाही. मी अध्यक्षांना एवढंच म्हणालो की मी येतो, पण माझा सहायक तोच हवा. ते म्हणाले, ठीक आहे, पण या अपमानानंतर तो राहील का? मी म्हटलं, माझी मुलगी त्याला सांगेल. म्हणून हे पत्र. सोमवारी अध्यक्ष त्याला बोलावून सांगणार आहेत. त्याच्याआधी तुझ्याकडून त्याला कळू दे, आणि तुला माझ्याकडून. तू माझ्याकडे त्याच्यासाठी मदत मागितलीस, आणि मी तुझ्याकडे माझ्यासाठी मागतोय, यावर तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. आईला मी अजून सांगितलेलं नाही, ती म्हणेलच. पण त्याला थांबव, माऊ. त्याच्याशिवाय मला त्या खोलीत चार दिवस कुणी विचारणार नाही. सराव संपला की मी पूर्वीसारखाच चहाचा कप घेऊन टोपलीपाशी येईन. जरा उशिरानं येईन, त्याला वेळ मिळेल इतक्या. दहा नंबरचे मोजे सुलटे दिसतील, आणि ते कुणी केले हे मी विचारणार नाही.

तुझ्या घरातली माझी जागा अजून रिकामी केली नसलीस, तर तुझाच,
बाबा